वणव्याचा दिवस

फाल्गुन मास लागला कीं पनवेलच्या भोंवतालच्या डोंगरांवर रात्रीं तांबड्या रेषा दिसूं लागतात. प्रबळगड, कर्नाळा, माणिकगड, माथेरानचे उतार, यांपैकीं कोठें ना कोठें दर वर्षीं वणवा लागतो. खारघरच्या टेकड्याही त्याला अपवाद नाहींत. दुरून पाहणारास तें दृश्य रमणीय वाटतें. मुलें गच्चीवर जाऊन डोंगरानें सोन्याची माळ घातली म्हणून टाळ्या पिटतात, आणि घरांतील वडील मंडळी ‘उन्हाळा आला, आतां वणवे लागायचेच’ असें म्हणून तो विषय संपवितात. या महिन्यांत वाचकांशीं जें बोलावयाचें आहे तें या ‘लागायचेच’ शब्दाविषयीं. वणवा हा ऋतूबरोबर आपोआप येणारा प्रकार आहे काय? कीं तो कांहीं विशिष्ट दिवशींच अनावर होतो, आणि तो दिवस आपणांस आधीं ओळखतां येतो? माझें उत्तर असें आहे कीं तो दिवस ओळखतां येतो. आणि ज्यास तो ओळखतां येईल त्याच्या हातून निदान त्या दिवशीं तरी काडी ओढली जाऊं नये.

संस्कृत वाङ्मयाचा ज्यांस थोडाबहुत परिचय आहे त्यांस दावाग्नि नवा नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत खांडववन जळतें. भागवतांत गोपालांना वेढणारा वणवा श्रीकृष्ण प्राशन करतो. कालिदासाच्या ऋतुसंहारांतील ग्रीष्मवर्णन दावाग्नीवांचून पुरें होत नाहीं. त्याच कवीच्या मेघदूतांत हिमालयावरील सरलवृक्ष एकमेकांवर घांसून अग्नि उत्पन्न होतो अशी कल्पना आहे. बांबूच्या बेटांविषयीं तीच समजूत आपल्याकडे आजही पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येते. काव्यांत ती शोभते. परंतु आपल्या रानांचा हिशेब मांडतांना ती बाजूस ठेविली पाहिजे. भारतांतील बहुतेक सर्व वणवे माणसाच्या हातून लागतात, कांहीं जाणूनबुजून, कांहीं नकळत, याविषयीं वनशास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाहीं. परदेशांत कोठें कोठें कोरड्या विजेनें अरण्यें पेटतात. कोंकणांत माघ-फाल्गुनांत वीज क्वचितच पडते, आणि पडली तरी ती बहुधा पावसाच्या सरीबरोबर पडते. तात्पर्य, ऋतु रान वाळवितो व वारा आग पसरवितो. काडी मात्र माणसाची असते.

आतां एक शंका सहजच मनांत येते. ज्या प्रदेशांत चार महिन्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो तेथें रान इतकें पेटतें तरी कसें? उत्तर त्या पावसांतच आहे. जितका पाऊस अधिक तितकें गवत उंच, आणि जितकें गवत उंच तितकें जळण अधिक. आश्विनांत पाऊस परतला म्हणजे पुढें ज्येष्ठापर्यंत सुमारें आठ महिने डोंगरावर पाण्याचा थेंब पडत नाहीं म्हटलें तरी चालेल. कार्तिकांत गवत पिवळें पडतें. माघ-फाल्गुनांत साग, ऐन, किंजळ, सावर, पळस हीं झाडें पानें टाकतात, आणि सागाचें एकेक पान म्हणजे पत्रावळीएवढें. त्यांतच उतारावरील कारवीच्या वाळलेल्या काटक्यांची भर. माथेरानच्या माथ्यावरील दाट सांवलीचें रान बारमाही हिरवें असल्यामुळें तेथें सहसा आग शिरत नाहीं. परंतु त्याच डोंगराचे खालचे उघडे उतार आणि गवताळ माळ दर वर्षीं चुलीवर ठेवलेल्या जळणासारखे सज्ज होतात.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जिवंत पान मुळांवाटें पाणी घेतें. गळून पडलेलें पान हवेशीं व्यवहार करतें. हवा दमट झाली कीं तें तिच्यांतील ओल शोषून घेतें, हवा कोरडी झाली कीं ती ओल परत देतें. लाकडाच्या मोठ्या ओंडक्यास या देवघेवीला कित्येक आठवडे लागतात. गवताच्या काडीस व पातळ पानास तास-दोन तास पुरतात. म्हणून पहांटे दंवानें जें पान हातांत वांकतें तेंच दुपारीं मुठींत धरतांच चुरा होऊन जातें. वाळल्या गवतांत वजनाच्या मानानें शेंकडा वीस-पंचवीस पाणी असलें तर लावलेली आगही पुढें सरकत नाहीं. तेंच प्रमाण शेंकडा पांच-सहांवर आलें कीं विडीचें थोटूकही पुरतें. अर्थात् एकाच डोंगरावर, एकाच आठवड्यांत, एक दिवस आग लागतां लागत नाहीं आणि दुसऱ्या दिवशीं ती आवरतां आवरत नाहीं, याचें कारण त्या दिवसाच्या हवेंत शोधलें पाहिजे.

बहुतेकांची समजूत अशी कीं जो दिवस सर्वांत उष्ण तो सर्वांत धोक्याचा. कोंकणांत ही समजूत पुरतीशी खरी नाहीं. वैशाखांत आपण घामानें भिजून जातों तें हवेंत समुद्राची वाफ भरलेली असते म्हणून. आणि ज्या वाफेनें आपला घाम वाळत नाहीं तीच वाफ रानांतील पानेंही थोडीबहुत ओलसर ठेवते. खरा धोका माघाच्या उत्तरार्धापासून चैत्राच्या मध्यापर्यंत, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिलच्या आरंभापर्यंत, अधूनमधून येणाऱ्या अशा दिवसांत असतो कीं जेव्हां ओठ फुटतात, अंगास घाम दिसत नाहीं, आणि वारा समुद्राकडून न येतां घाटाकडून येतो.

हा घाटावरचा वारा इतका कोरडा कां असतो हें समजून घेणें कठीण नाहीं. देशावरील हवा आधींच समुद्रापासून दूर, म्हणून रुक्ष. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर आहे. पनवेल जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. पूर्वेचा वारा सह्याद्रीचा कडा उतरून खालीं येतो तेव्हां वरच्या हवेच्या भारानें तो दाबला जातो, आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारतांना त्याची नळी हातास गरम लागते तोच हा न्याय. कोरडी हवा एक हजार मीटर उतरली तर सुमारें दहा अंश सेल्सिअसनें तापते. म्हणजे घाट उतरतांच तिला पांच-सहा अंशांची भर मिळते. तिच्यांतील वाफ तेवढीच राहते, पण तापलेल्या हवेची वाफ सामावून घेण्याची शक्ति वाढते. त्यामुळें ती जेथें जाईल तेथून ओल ओढूं लागते. अशा दिवशीं आर्द्रता शेंकडा तीसच्या खालीं उतरते. मार्च २०१७ मध्यें आपल्याच रायगड जिल्ह्यांतील, सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या भिरा येथें ४६.५ अंश तापमानाची नोंद जाहीर झाली, ती अशाच ऋतूंत. भारतीय हवामानखातें मैदानी प्रदेशांत पारा ४० अंशांवर गेल्याविना उष्णतेच्या लाटेचा विचार करीत नाहीं. किनाऱ्यासाठीं मात्र ही मर्यादा ३७ अंशांची ठेविली आहे. किनाऱ्यावर ३७ अंश होणें म्हणजे बहुधा समुद्रवारा रुसला आहे, हाच त्याचा अर्थ.

समुद्रकांठच्या डोंगरांवर उतरणाऱ्या वाऱ्याचें हें गणित केवळ आपलें नव्हे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं लॉस अँजेलिस शहराच्या पाठीशीं असेच डोंगर आहेत. आंतल्या उंच वाळवंटी प्रदेशांतून समुद्राकडे उतरणाऱ्या वाऱ्यास तेथें ‘सांता आना’ म्हणतात. ७ जानेवारी २०२५ रोजीं, म्हणजे ऐन हिवाळ्यांत, कित्येक महिने नाममात्र पाऊस झालेल्या त्या डोंगरांवर हा वारा ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या झोतांनीं सुटला, आणि पुढील कांहीं दिवसांत सोळा हजारांहून अधिक इमारती भस्मसात् झाल्या. आपल्याकडे वारा इतका प्रचंड नसतो. तेथील झुडपें तेलकट व मुळापासून शेंड्यापर्यंत पेटणारीं, तर आपला वणवा प्रायः जमिनीलगत गवतांतून व पाचोळ्यांतून धांवणारा. म्हणून दोहोंची बरोबरी करूं नये. परंतु त्या आपत्तींतून एक धडा घेण्याजोगा आहे: ती जगांतील अत्यंत साधनसंपन्न नगरी होती, पाण्याचे बंब होते, विमानें होतीं, आणि वारा पडेपर्यंत त्यांचें फारसें चाललें नाहीं. आग लागल्यानंतरच्या उपायापेक्षां त्या दिवशीं ती लागूं न देणें हाच खरा उपाय होय.

आतां दिवसाप्रमाणें वेळेचाही विचार केला पाहिजे. सामान्यतः सकाळीं आपल्याकडे जमिनीवरून मंद पूर्ववारा वाहतो आणि दुपारीं बाराच्या आगेंमागें पश्चिमेकडून खारा वारा येतो. ज्या दिवशीं पूर्ववारा जोरकस असतो त्या दिवशीं हा खारा वारा दोन-दोन तीन-तीन तास अडून राहतो, आणि तोपर्यंत डोंगर तापून निघतो. पुढें तो आला म्हणजे हवा कांहीशी ओलावते खरी, पण त्याच क्षणीं वाऱ्याची दिशा उलटते. सकाळपासून पश्चिमेकडे सरकत असलेल्या आगीची जी मागची बाजू निरुपद्रवी वाटत होती तीच आतां तोंड होऊन वर चढूं लागते. आग विझविणारांपैकीं पुष्कळांना दगा होतो तो याच घटकेस.

आणि चढाविषयीं तर विशेष सावध असावें. पाणी उतारानें धांवतें, आग चढानें. ज्वाला वरच्या गवताकडे झुकलेली असते, म्हणून तें गवत पेटण्यापूर्वींच वाळून व तापून तयार होतें. ऑस्ट्रेलियांतील वनाग्नितज्ज्ञ मॅकआर्थर यांनीं दिलेला ठोकताळा असा कीं उतार दर दहा अंशांनीं वाढला कीं आगीची चढण्याची गति सुमारें दुप्पट होते. वीस अंशांच्या चढावर ती सपाटीच्या चौपट. माणसाची चाल मात्र चढावर मंदावते. ११ मार्च २०१८ रोजीं याच सह्याद्रीच्या दक्षिण टोंकाकडे, तामिळनाडूंतील थेनी जिल्ह्यांत, कुरंगणीच्या डोंगरावर फिरावयास गेलेल्या तरुण-तरुणींस वणव्यानें गांठलें आणि वीसांहून अधिक जीव गेले. तो डोंगर गवताचा होता आणि महिना फाल्गुन होता. आज दर शनिवारीं-रविवारीं मुंबई-ठाण्याकडील शेंकडों मुलें-मुली प्रबळगड, कलावंतीण, कर्नाळा चढतात. त्यांत आपल्या घरचींही असतात. त्यांना हें सांगून ठेवावें कीं धूर खालून येत असल्यास वर पळूं नये. आडवें, आगीच्या बाजूस निघावें, उघडा कातळ गांठावा, किंवा जेथें सर्व जळून विझलें आहे त्या काळ्या जमिनीवर जाऊन उभें रहावें. एकदां जळलेल्या जागीं आग पुन्हां येत नाहीं.

‘गवतच तर जळतें, पावसाळ्यांत पुन्हां उगवतें’ असा एक युक्तिवाद नेहमीं ऐकूं येतो. गवत उगवतें हें खरें. कुंभ्यासारखें जाड सालीचें झाड आगींतून वांचतें हेंही खरें. परंतु गुडघाभर वाढलेलीं ऐनाचीं, हिरड्याचीं, जांभळीचीं रोपें वांचत नाहींत. तीं दर वर्षीं जळतात, आणि म्हातारीं झाडें पडलीं कीं त्यांच्या जागीं कोणी उरत नाहीं. लावे, तित्तर, रानकोंबड्या यांचीं घरटीं जमिनीवर असतात व त्यांच्या विणीचे महिने बऱ्याच अंशीं हेच. कर्नाळ्याचें रान १९६८ सालीं पक्ष्यांसाठीं अभयारण्य म्हणून राखलें गेलें. आज त्याचें क्षेत्र सुमारें बारा चौरस किलोमीटर आहे. आगीस तेवढें अंतर म्हणजे एका वाऱ्याच्या दुपारचें काम.

याहूनही जवळची हानि पाण्याची आहे. पाचोळ्याचा थर म्हणजे डोंगराचें पांघरूण. तो असला तर मृगाचा पहिला पाऊस अलगद मुरतो आणि झरे मार्गशीर्षापर्यंत टिकतात. तो जळाला तर टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात, राख आणि माती घेऊन ओढे तांबडे होऊन धांवतात. गाढी नदी याच डोंगरांतून येते, आणि तिच्यावरील देहरंगच्या धरणाचें पाणी पनवेलकर पितात. हें धरण गाळानें भरत चाललें आहे ही तक्रार आपल्या परिचयाची आहे. गाळाचीं कारणें अनेक आहेत. उघडा पडलेला डोंगर हें त्यांपैकीं एक. म्हणून गच्चीवरून जी सोन्याची माळ आपण पाहतों तिचें मोल पुढच्या वैशाखांत आपल्याच नळास द्यावें लागतें.

मग काडी कोणाची? येथें बोट दाखविण्याची घाई पुष्कळ होते, आणि तें बोट बहुधा डोंगरांतील ठाकूर-कातकऱ्यांकडे व कुळवाड्यांकडे वळतें. या वादास शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. भाताचें रोप पेरण्यापूर्वीं वाफ्यावर शेण, टहाळ, गवत पसरून तें भाजण्याची जी राब-पद्धति, तिच्यासाठीं रानांतील फांद्या तोडूं द्याव्या कीं नाहीं यावरून ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला कीं मुंबई सरकारास १८८५ सालीं एक वनआयोग नेमावा लागला व १८८७ सालीं त्याचा अहवाल आला. आपला पनवेल तालुका त्याच्या थोडेंच आधीं, १८८३ सालीं, कुलाबा जिल्ह्यांत आला होता. राबाची आग मातीनें दाबलेली, मंद आणि नजरेखालची असते; जाणता शेतकरी ती सोडून जात नाहीं. ज्यांचीं घरें गवतानें शाकारलेलीं व ज्यांचें पोट मोहावर, करवंदांवर, मधावर, त्यांस रान जाळून लाभ तो काय? तथापि वरकस जमिनीवर गवत चांगलें फुटावें म्हणून माळ पेटवून देण्याची रीत आहे, शिकारीसाठींही कोणी पेटवितो, हें नाकारतां येत नाहीं. जळल्या माळावर कोंवळी हिरवळ लौकर दिसते, त्यावरून गवत सुधारल्याचा भास होतो. परंतु वर्षानुवर्षें जाळलेल्या माळावर गुरांच्या पसंतीचें गवत मागें हटतें व कुसळी माजते. राबाऐवजीं गादीवाफ्यावर रोप करण्याची रीत कृषिशास्त्रज्ञ कित्येक वर्षें सांगत आहेत. ती जितकी पसरेल तितकें रानावरचें ओझें कमी होईल.

परंतु उरलेल्या काड्या कोणाच्या तेंही पाहूं. गडावर रात्रीं राहून शेकोटी न विझवितां उतरणारे, महामार्गाच्या कडेस पेटतें थोटूक फेंकणारे, देवस्थानाच्या गवतांत उदबत्त्यांचा जुडगा लावून निघणारे, प्लॉट साफ करण्यासाठीं त्यावरील गवतास आग देणारे, आणि परसांतील पाचोळा दुपारीं जाळणारे, हे सर्व शिकलेले आहेत, आपल्यांतलेच आहेत. अज्ञानाचा दोष कातकऱ्यास देणें सोपें. स्वतःच्या हातांतील काडी पेटींत परत ठेवणें कठीण.

म्हणून आतां दिवस ओळखण्याचीं लक्षणें सांगतों. त्यांस वेधशाळा लागत नाहीं. शाळेंत असतांना मीं मुलांकडून एक प्रयोग करवीत असें. दोन सारखीं तापमापकें शेजारीं टांगावीं. एकाच्या गोळ्यास स्वच्छ ओली चिंधी गुंडाळून पंख्यानें वारा घालावा. आषाढांत दोहोंत एक-दोन अंशांचा फरक पडतो, वैशाखांत पांच-सहांचा. ज्या दिवशीं तो दहा-बारांच्या पलीकडे जाईल तो दिवस वणव्याचा समजावा. तापमापक नसेल तर गृहिणींचें शास्त्र त्याहून जुनें आहे: सकाळीं घातलेले पापड ज्या दिवशीं दुपारच्या आंत कडक वाळून कडा वर उचलतात, बरणींतील मीठ मोकळें खळखळतें, धुतलेलें लुगडें तासाभरांत वाळतें, आणि दुपारचा एक वाजला तरी खारा वारा येत नाहीं, त्या दिवशीं वाळवण घालावें, पण विस्तव घराबाहेर नेऊं नये. पाचोळा जाळूं तर नयेच. खड्ड्यांत कुजवावा, चांगलें खत होतें. होळी फाल्गुनी पौर्णिमेस येते, म्हणजे नेमकी याच दिवसांत. ती लहान असावी, गवतापासून दूर, मोकळ्या जागीं. शेजारीं पाण्याच्या दोन घागरी असाव्या, आणि निखारे विझल्यावांचून कोणी घरीं परतूं नये. सणाचें पावित्र्य यानें तिळभरही उणें होत नाहीं.

सरकारी व्यवस्थाही आहे, ती ठाऊक असावी. वनखातें १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतें व त्यापूर्वीं रानांत जाळरेषा काढतें, म्हणजे गवत साफ केलेले पट्टे, जेथें आगीस खावयास कांहीं न मिळून ती थांबते. देहरादूनची भारतीय वनसर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्यानें आगींचा शोध घेऊन सूचना पाठविते. परंतु उपग्रह डोंगरावरून ठराविक वेळींच जातो. गच्चीवरील डोळे सदैव असतात. रानांत धूर दिसतांच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वयें राखीव वनांत आग लावणें हा अपराध आहे, आणि वनांत हक्क-सवलती उपभोगणारांनीं आगीची वर्दी देणें व ती विझविण्यास साह्य करणें हें त्यांचें कर्तव्य ठरविलें आहे. डोंगरपायथ्याच्या वाड्यांतील लोक हिरव्या टहाळांनीं झोडपून आग विझविण्यांत निष्णात असतात, आणि दर वर्षीं तें काम बहुतांशीं तेच करतात. त्यांच्यापर्यंत पाण्याचे हंडे व निरोप वेळेवर पोंचविले तरी शहरवासियांचा वांटा थोडासा उचलला जाईल.

वाचकांस माझी एवढीच विनंति आहे कीं येत्या फाल्गुनांत घरांतील मुलांस दिनदर्शिकेवर रोज एक खूण करावयास लावावी: आज पापड केव्हां वाळले, खारा वारा किती वाजतां आला, आणि रात्रीं डोंगरावर रेषा दिसली कीं नाहीं. महिनाअखेरीस तीं पानें त्यांनीं स्वतःच ताडून पहावीं. ‘वणवे लागायचेच’ हें वाक्य त्यांच्या तोंडीं पुन्हां येईलसें मला वाटत नाहीं.